ऑफिसच्या इमारतीत क्लास : नोटीस आली असेल तर आधी जिना मोजा

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडते. छत्रपती संभाजीनगरात जालना रोडलगत तळमजला अधिक पाच अशी बिझनेस पार्कची इमारत आहे. तिच्या तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर प्रत्येकी २८० चौरस मीटर जागा तुम्ही पाच वर्षांच्या करारानं भाड्यानं घेतली. दीड वर्षापासून तिथे अकरावी-बारावी सायन्स आणि नीटचे क्लास चालतात आणि संध्याकाळच्या बॅचला दोन्ही मजले मिळून १८० लेकरं असतात. इमारतीतल्या इतर ऑफिसवाल्यांनी तक्रार केली, महापालिकेची अनधिकृत वापरबदलाची नोटीस आली आणि इमारतीतल्या गाळाधारकांच्या संघटनेनं ठराव करून मुलांना लिफ्ट बंद केली. जागामालक म्हणतो, ‘मी कमर्शियल म्हणून दिलंय, क्लास कमर्शियलच असतो.’ तुमचे प्रश्न तीन आहेत : नोटीस कायदेशीर आहे का, परवानगी मिळू शकते का, आणि संघटनेवर दावा लावावा का.

तुमच्या मजकुरात आणखी एक वाक्य आहे. ‘मागच्या बाजूला दुसरा जिना आहे, पण त्याला कुलूप असतं.’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. गेली तेवीस वर्षं मी मराठवाड्यात इमारतींचे नकाशे आणि परवानग्यांचं काम करते. क्लासवाल्यांच्या बाजूनं उभी राहिले आहे आणि तक्रार करणाऱ्या ऑफिसवाल्यांच्या बाजूनंही. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत एकच झालं आहे. हे वाद कागदावर ‘वापर’ या शब्दावरून भांडले जातात, पण त्यांचं मूळ बॅच सुटते त्या दहा मिनिटांत असतं. त्या दहा मिनिटांत जिन्यावर किती माणसं असतात आणि तो जिना किती माणसांसाठी बांधलेला आहे, हे दोन आकडे जुळले की फाईल पुढे सरकते. ते जुळत नसतील तर कितीही मोठा वकील लावा, उपयोग होत नाही.

आधी नोटिशीचं बघू, कारण तिथे दिवस मोजले जातात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, ज्याला आपण एमआरटीपी म्हणतो, त्यात ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येतच इमारतीच्या वापरातला महत्त्वाचा बदल धरलेला आहे. एक वीट हलवली नाही, नुसती टेबलं काढून बेंच टाकले, तरी परवानगी लागते. त्यामुळे ‘आम्ही बांधकाम काहीच केलं नाही’ हे उत्तर टिकत नाही, ते लिहूच नका. तुमची नोटीस बहुधा कलम ५३ खाली आहे. त्याच कलमात तुमच्यासाठी वाटही ठेवलेली आहे : नोटिशीत दिलेल्या मुदतीत कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. मुदत उलटली की ही सोय जाते. म्हणून नोटिशीवरची तारीख आणि ती तुमच्या हातात पडली ती तारीख, दोन्ही आजच लिहून ठेवा. पाकीटही जपून ठेवा. उत्तर आवक विभागात देऊन पोच घ्या. साहेबांना भेटून तोंडी सांगितलं, त्यांनी ‘बघू’ म्हटलं, एवढ्यावर विसंबून माझ्याकडे महिन्याभरानं आलेले लोक मी पाहिलेत. तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

अर्ज करण्याआधी ही जागा कोणाच्या हद्दीत येते याची खात्री करा. तुमची इमारत जालना रोडला आहे म्हणता, पण तो रस्ता पुढे चिकलठाण्याच्या एमआयडीसीलगत जातो. एमआयडीसीच्या क्षेत्रात नियोजन प्राधिकरण एमआयडीसीच असते. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेली एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, एमआयडीसीला लागू नाही. तिची नियमावली वेगळी आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः ही चूक केली आहे. एका संगणक प्रशिक्षण संस्थेचा वापरबदलाचा प्रस्ताव मी महापालिकेत दाखल केला. प्लॉट एमआयडीसीचा होता, मालमत्ता कर मात्र महापालिका घेत होती, आणि त्या पावतीवरून मी हद्द ठरवली. चार महिने गेले. संस्थेचं एक पूर्ण सत्र बुडालं. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी अशीलाकडे करपावती मागत नाही, झोन दाखला (जागा कुठल्या झोनमध्ये येते त्याचा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातल्या त्या भागाचा) मागते. आपल्या शहराच्या विकास आराखड्याचा वाद खंडपीठातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, त्यामुळे जुना दाखला कपाटात असला तरी ताजा घ्या.

जागा एमआयडीसीची निघाली तर आणखी दोन कागद बघावे लागतील. पहिला भाडेपट्टा. तिथली जमीन साधारणपणे ९५ वर्षांच्या पट्ट्यावर असते, आणि ज्या कामासाठी प्लॉट दिला त्याव्यतिरिक्त वापराला किंवा पोटभाड्याला महामंडळाची परवानगी व शुल्क लागतं. दुसरा कागद आयटी पार्कच्या मंजुरीचा. इमारत आयटी पार्क म्हणून जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात जादा बांधकामाची मुभा, घेऊन उभी राहिली असेल तर तिच्यावर आयटी वापराचं बंधन असतं. २०१५ च्या धोरणात ते ८० टक्के आयटी आणि २० टक्के पूरक सेवा असं होतं. अशा इमारतीत क्लासला जागा काढणं फार अवघड जातं, कारण जादा बांधकाम ज्या अटीवर मिळालं तीच अट मोडते. तिथे मी अशीलाला स्पष्ट सांगते की दुसरी जागा शोधा.

इथून पुढे मी तुमची इमारत महापालिकेच्या हद्दीत आहे असं धरून चालते.

तुमच्या मालकाचं ‘कमर्शियल’ हे म्हणणं खोटं नाही, पण इथे ते लागू पडत नाही. वीजबिल कमर्शियल दराचं येतं, मालमत्ता कर अनिवासी लागतो, क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. या सगळ्यामुळे माणसाला मनापासून वाटतं की सरकारनंच आपल्याला व्यावसायिक ठरवलंय. पण ही करआकारणी झाली. इमारतीला काय मंजूर आहे हे फक्त मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली परवानगी, सांगतं. राष्ट्रीय इमारत संहितेत ऑफिस हा एक गट आहे आणि शैक्षणिक हा दुसरा. शैक्षणिक गटात शाळा वेगळ्या आणि इतर प्रशिक्षण संस्था वेगळ्या धरल्या आहेत. क्लासमधून नफा मिळतो म्हणून तो ऑफिसच्या गटात जात नाही. बेंचवर बसलेलं लेकरू आणि खुर्चीत बसलेला कारकून यांच्यात संहिता फरक करते, आणि त्यामागचं कारण आकड्यांत आहे.

आता ते आकडे. संहितेनुसार ऑफिसमध्ये माणशी १० चौरस मीटर धरतात आणि शैक्षणिक वापरात माणशी ४. मजल्यावरचा तुमचा भाग २८० चौरस मीटर आहे. ऑफिस म्हणून तिथे २८ माणसं गृहीत धरली गेली, म्हणजे दोन्ही मजल्यांवर ५६. तीच जागा शैक्षणिक धरली तर मजल्याला ७०, दोन्ही मिळून १४०. तुमची संध्याकाळची बॅच १८० ची आहे. जिना, दार, पॅसेज, संडास, पाण्याची टाकी हे सगळं तुमच्या जागेपुरतं ५६ माणसांच्या हिशेबानं बांधलेलं आहे आणि तिथे तिप्पट लेकरं एका वेळी उतरतात. तक्रार करणाऱ्यांना हे गणित माहीत नसेल, पण रोज संध्याकाळी ते त्यांना जिन्यावर अनुभवायला मिळतं.

तुम्ही लिहिलंय की केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्यामागे एक चौरस मीटर पुरे, आणि तुमच्याकडे त्याहून जास्त जागा आहे. त्या सूचनांत तसं आहे, बरोबर. पण तो आकडा वर्गात बसण्यापुरता आहे. वर्गातून बाहेर पडून खाली रस्त्यावर पोचण्याचा हिशेब तिथे नाही, तो इमारत संहितेत आहे. अग्निशमन अधिकारी दुसराच आकडा बघतो. दोन्हींपैकी जो कडक तो पाळायचा, असं मी शिकले आहे.

लातूरचा एक प्रसंग सांगते, कारण मला स्वतःला हे तिथेच नीट उमगलं. उद्योग भवनाचा परिसर, ज्याला सगळे ट्यूशन एरिया म्हणतात, तिथल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अभ्यासिका आणि वर तिसऱ्यावर क्लास होता. वाद तुमच्यासारखाच होता. मी संध्याकाळी साडेसहाला जिन्याच्या लँडिंगवर घड्याळ घेऊन उभी राहिले. नकाशात त्या जिन्याची रुंदी दीड मीटर होती. प्रत्यक्षात अभ्यासिकेत चप्पल घालून जायची नाही असा नियम, म्हणून लँडिंगवर आणि वरच्या चार पायऱ्यांवर चपला-बुटांचा ढीग. भिंतीला लागून पाण्याचा जार आणि त्याखाली ओलं पोतं. जिन्याखाली इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या. उरलेली वाट एका माणसापुरती. क्लास सुटला. वरून पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं उतरली, अभ्यासिकेतली पोरं आपापली चप्पल शोधत त्याच जागी वाकली. एक मुलगी दोन्ही हातांनी कठडा धरून भिंतीला चिकटून उभी राहिली आणि गर्दी जाईपर्यंत हललीच नाही. शेवटचं लेकरू खाली पोचायला सात मिनिटांच्या आसपास लागली. तेही आग नसताना, दिवे चालू असताना.

त्या इमारतीत आम्ही भिंत पाडली नाही की जिना वाढवला नाही. चपलांचे रॅक दाराच्या आत घेतले, जार हलवला, इन्व्हर्टर मागच्या मोकळ्या खोलीत नेला आणि क्लास व अभ्यासिका सुटायच्या वेळांत वीस मिनिटांचं अंतर ठेवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा वेळ मोजली तर ती निम्म्याहून कमी आली. मग त्याच वेळापत्रकाचा तक्ता अर्जाला जोडला. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी नकाशापेक्षा त्या तक्त्यावर जास्त वेळ घालवला.

अग्निशमन विभाग एवढा कडक का झालाय, हे तुम्हाला सांगायला नको. २४ मे २०१९ रोजी सुरतमध्ये क्लास चालणाऱ्या व्यापारी इमारतीला आग लागली, वरच्या मजल्यावरून मुलांनी उड्या मारल्या, २२ जण गेले. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत राजेंद्रनगरमध्ये तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तिघे बुडाले. ते तळघर साठवणुकीसाठी मंजूर होतं. दोन्ही ठिकाणी मंजूर वापर एक आणि चालू वापर दुसरा. आपल्या भागातून परभणी, हिंगोली, बीडच्या खेड्यांतून आईबाप कर्ज काढून लेकरं शहरात पाठवतात. त्या लेकरांच्या जिन्याला कुलूप आहे हे वाचून मला रात्री झोप लागली नाही, हे मी मनापासून लिहिते.

म्हणून पहिलं काम कुलूप काढायचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार यंत्रणा आणि वाटा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची तशीच भोगवटादाराचीही आहे. म्हणजे मालकाची आणि तुमचीही. संघटनेला लेखी पत्र द्या : मंजूर नकाशातला मागचा जिना वापरासाठी मोकळा करावा आणि परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी व जुलैत द्यावं लागणारं नमुना ब प्रमाणपत्र, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दाखवावं. हे पत्र भांडणाच्या भाषेत लिहू नका. ‘आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेसाठी’ असंच लिहा, कारण ते खरंही आहे. पाचव्या मजल्यावरच्या ऑफिसातली माणसंही त्याच एका जिन्यानं उतरतात. कुलूप का लावलं हेही विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर चोरीचं किंवा मागे बसणाऱ्या टवाळ पोरांचं असतं. त्यावर आतून ढकलताच उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार, एक दिवा आणि कॅमेरा एवढा उपाय पुरतो. खर्च तुम्ही उचला. साडेआठला सुटणाऱ्या मुलींना अंधाऱ्या मागच्या जिन्यानं पाठवायचं नाही, त्यामुळे दिवा लागेलच.

दुसरी गोष्ट, ५०० चौरस मीटरची. यूडीसीपीआरमध्ये ‘विशेष इमारत’ अशी व्याख्या आहे. शैक्षणिक किंवा शैक्षणिक धरून मिश्र वापराच्या इमारतीत कुठल्याही मजल्यावर ५०० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम असेल, तर उंची कितीही असो, ती विशेष इमारत होते आणि अग्निशमनच्या अटी वाढतात. तुमचा भाग २८० आहे, पण तुम्ही म्हणता तो निम्मा मजला आहे. म्हणजे पूर्ण मजला ५६० च्या घरात. इथे फक्त तुमचा भाग धरायचा की सगळा मजला, यावर मी दोन्ही मतांचे अधिकारी पाहिले आहेत. मी कायम पूर्ण मजला धरूनच प्रस्ताव करते. उशिरा निघणारी त्रुटी जास्त महाग पडते.

तिसरी गोष्ट वजनाची. भारतीय मानकानुसार ज्या ऑफिसात कागदपत्रांसाठी वेगळी खोली असते तिथल्या स्लॅबला चौरस मीटरला सुमारे २५० किलो भार धरतात, वर्गखोलीला सुमारे ३०० आणि पॅसेजला ४००. फरक थोडा दिसतो आणि बऱ्याच चांगल्या इमारती तो सहज पेलतात. पण हे तुम्ही किंवा मी नजरेनं ठरवायचं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मूळ डिझाइन तपासून दाखला घ्या. अभ्यासिका करायचा विचार असेल आणि पुस्तकांची कपाटं तिथेच ठेवणार असाल तर तेही त्यांना सांगा, तिथे भार ४०० धरावा लागतो. आपण किल्लारीच्या प्रदेशात राहतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली त्यांना हा दाखला उपचार वाटत नाही. भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत साध्या इमारतीच्या तुलनेत शाळेला दीडपट महत्त्व धरलेलं आहे, ते उगाच नाही.

इथवरचं जोडून घेते : मुदतीत कलम ४४ चा अर्ज, हद्दीची खात्री, मागचा जिना मोकळा, डोक्यांचा हिशेब १४० च्या आत, आणि स्ट्रक्चरल दाखला. यातलं कुठलंही एक राहिलं तर बाकीच्यांची किंमत कमी होते.

आता परवानगी मिळेल का? निवासी आणि वाणिज्य झोनमध्ये शैक्षणिक वापराला बहुतेक ठिकाणी वाव असतो, रस्त्याची रुंदी बघावी लागते. जालना रोडसारख्या रस्त्यावर ती अडचण सहसा येत नाही. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र असेल, दुसरा जिना खरोखर वापरात आणला आणि बॅच १४० च्या आत ठेवली, तर मला शक्यता चांगली दिसते. १८० च्या बॅचसह मी स्वतः अर्जावर सही करणार नाही. इमारतीला भोगवटाच नसेल, आणि आपल्याकडे अशा इमारती पुष्कळ आहेत, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी मूळ इमारतीचं नियमितीकरण, मग वापरबदल. ते काम बिल्डर किंवा सगळे गाळाधारक मिळूनच करू शकतात, तुमच्या एकट्याच्या हातात नाही. पार्किंगचाही हिशेब पुन्हा होतो. तुमची पोरं सायकल आणि स्कूटीवर येतात, ऑफिसवाल्यांच्या चारचाकी जागा त्यामुळे अडतात. जवळची एखादी मोकळी जागा भाड्यानं घेऊन तिचा करार अर्जाला जोडला, तर अधिकाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना दोघांनाही तुमचा हेतू कळतो.

अर्ज मालकाच्या सहीनं जातो. भाडेकरू म्हणून तुम्ही एकटे काही करू शकत नाही. करारात ‘वापर’ या कलमात काय लिहिलंय ते बघा. ‘व्यावसायिक वापर’ एवढंच असेल तर मालक हात झटकायला बघेल. ‘कोचिंग क्लाससाठी’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर परवानगी आणून देण्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलायला तुम्हाला आधार आहे. छाननी शुल्क, विकास शुल्क आणि अग्निशमनचं काम यांचा खर्च कोणी करायचा हे आत्ताच लेखी ठरवा. मी सहसा सुचवते की कायम राहणारं काम, म्हणजे दार, पाइप, होज रील, हे मालकानं करावं आणि चालू व्यवस्था भाडेकरूनं.

शेजाऱ्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुम्ही त्यांच्यावर दावा लावायच्या विचारात आहात. एका प्रकरणात मी तक्रारदारांची बाजू मांडली होती. त्यात एक चार्टर्ड अकाउंटंट होते. जुलैच्या शेवटी विवरणपत्रांची गर्दी, म्हातारे पेन्शनर अशील खाली लिफ्टपाशी उभे, आणि लिफ्टमध्ये तीनदा पोरंच चढली. त्यांच्या ऑफिसातल्या बाईंना मजल्यावरच्या दोन स्वच्छतागृहांत संध्याकाळी पाय ठेवता येत नव्हता, कारण दहा मिनिटांच्या सुट्टीत साठ-सत्तर मुली त्याच दोन जागांवर. ते लोक शिक्षणाच्या विरोधात नव्हते. त्यांतल्या एकाचा मुलगा त्याच क्लासला होता. तुमच्या तक्रारदारांकडे जा, चहा घ्या आणि नेमकं काय टोचतं ते वहीत लिहून घ्या. लिफ्टचा आग्रह सोडा. सोळा-सतरा वर्षांची पोरं चौथ्या मजल्यापर्यंत चढू शकतात. अपंग विद्यार्थी आणि आजारी लेकरांपुरती लिफ्ट मागा, ती कोणी नाकारणार नाही आणि नाकारता येणारही नाही. स्वच्छतागृहं तुमच्याच जागेच्या आत वाढवा, ड्रेनेजची लाइन पुरेशी आहे का ते प्लंबरला दाखवा.

कायद्याच्या बाजूनं म्हणाल तर लिफ्ट ही सामाईक सुविधा आहे. एका गाळ्यात येणाऱ्या माणसांना ती सरसकट बंद करण्याचा अधिकार संघटनेला सहसा नसतो. पण तुमची बाजू त्यावर टिकेल असं समजू नका. इमारत अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७० खाली नोंदलेली असेल तर तिच्या घोषणापत्रात प्रत्येक गाळा कशासाठी वापरायचा हे लिहिलेलं असतं. त्यात ‘फक्त ऑफिस’ असेल तर दाव्यात तोच कागद तुमच्या विरोधात जाईल. घोषणापत्राची प्रत दुय्यम निबंधकाकडून काढून घ्या आणि मगच वकिलाकडे जा. महापालिकेनं अर्ज नाकारला तर एमआरटीपीच्या कलम ४७ खाली निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. माझा अनुभव असा की, अर्जात जिना आणि डोक्यांचा हिशेब आधीच नीट दिलेला असेल तर अपिलाची वेळ क्वचित येते. नियोजनाच्या निर्णयाविरुद्ध थेट दिवाणी न्यायालयात जाण्याचा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या वकिलाचं मत घ्या. एमआरटीपीच्या कलम १४९ मध्येच त्याला अटकाव आहे.

शाळा काढायचा विचार मनात असेल तर या इमारतीत काढू नका. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत मैदान, कुंपण, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, अडथळाविरहित प्रवेश हे सगळं मागितलं आहे. बिझनेस पार्कच्या तिसऱ्या मजल्यावर मैदान येणार नाही.

राहिला तुमचा खरा काळजीचा मुद्दा : नोव्हेंबर चालू आहे, नीट मे महिन्यात, बारावीची लेखी त्याआधी, आणि मध्येच जागा बंद झाली तर १८० लेकरांचं काय. अर्ज मुदतीत गेला तर नोटिशीचा अंमल निकालापर्यंत थांबतो, हे वर सांगितलंच. पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. अग्निशमन विभागाला वाटलं तर तो वेगळी कारवाई करू शकतो आणि त्याला कलम ४४ चा अर्ज आड येत नाही. म्हणून याच आठवड्यात संध्याकाळची बॅच दोनात विभागा. अकरावी साडेचारला, बारावी सहाला, आणि मध्ये वीस मिनिटं जिना पूर्ण रिकामा. चाळीसेक मुलांसाठी जवळची एखादी जागा सकाळी मिळते का ते बघा. बऱ्याच शाळांचे वर्ग सकाळी सातपूर्वी किंवा संध्याकाळी सहानंतर रिकामे असतात आणि त्या इमारती आधीच शैक्षणिक वापराच्या असतात. शाळेच्या व्यवस्थापनाशी लेखी करार करून वर्ग घेतले तर वापराचा प्रश्नच येत नाही. तुम्ही फिजिक्स शिकवता, प्रात्यक्षिकाला वेगळी जागा लागत नाही, त्यामुळे हे तुम्हाला जमण्यासारखं आहे.

मंजूर नकाशाची प्रत महापालिकेच्या नगररचना विभागातून मिळेल, मालकाच्या अर्जावर किंवा माहिती अधिकारात. हाती आली की तीन गोष्टी बघून मला कळवा : मागच्या जिन्याची रुंदी, तो थेट जमिनीवर उतरतो की तळमजल्याच्या एखाद्या दुकानात, आणि प्रत्येक मजल्यावरचं त्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं. दार खोलीच्या आतल्या बाजूला उघडत असेल तर ते उलटं बसवावं लागेल, आणि तो बदल पहिल्याच अर्जाच्या नकाशात दाखवायला हवा.